दुहेरी काच

खालून हाक मारली आणि आईनं ओ दिली नाही. झालं एवढंच. सकाळची पाळी संपवून मी दुपारी घरी येतो तेव्हा समोरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी थांबतो आणि वर बघून म्हणतो, "आलो गं." ही आमची जुनी रीत. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी आई खुर्ची टाकून बसलेली असते. तिला दिसत नाही, पण बसच्या घरघरीतून, टायरवाल्याच्या हवेच्या पंपातून, कुणाच्या भांडणातून, कशातूनही ती माझी हाक बरोबर निवडून काढते. खिडकी बंद असली तरी. "ऐकलं," असं ती तिथूनच म्हणते, आणि मी जिना चढेपर्यंत तिनं माझ्या बायकोला चहा टाकायला सांगितलेलं असतं. मधे काही आठवडे माझी रात्रपाळी होती, आणि पहाटे मी हाक मारत नाही. ती संपल्यावर त्या दिवशी मी हाक मारली, आई माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. पुन्हा मारली, जरा जोरात. टायरवाला चाक टाकून माझ्याकडे बघायला लागला. आई तशीच. फोटोतल्यासारखी. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. मनात म्हटलं, काय खिडकी आहे. काय खिडकी बसवलीय आपण.

मी कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो. फळं, भाज्या, लोणी, औषधांच्या पेट्या असलं सगळं तिथं थंडीत ठेवतात आणि ती थंडी बाहेर पळू न देणं हे माझं काम. म्हणजे माझा सगळा जन्म एका गोष्टीत गेलाय: दोन हवांना एकमेकींना भेटू द्यायचं नाही. दाराच्या रबराला चीर पडली तर ती मला तळहाताला कळते, डोळ्यांनी नंतर दिसते. आणि असा माणूस घरी येऊन कसल्या खोलीत आईला ठेवत होता, तर जिच्या खिडकीतून वारा असा यायचा की जणू तोच भाडं भरतो. घरं बांधणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. लोण्यासाठी वीतभर जाड भिंत बांधतात, आत थर भरतात, दाराला दोन दोन पट्ट्या लावतात, आणि माणसासाठी एक पातळ काच, चार खिळे आणि वर रंगाचा हात. लोणी वितळलं तर बोंब होते. म्हातारं माणूस रात्रभर कुडकुडलं तर म्हणतात, वय झालं. ती जुनी लाकडी खिडकी हिवाळ्यात आक्रसायची आणि पावसात फुगायची, म्हणजे एका ऋतूत लागायची नाही आणि दुसऱ्यात उघडायची नाही. फटींत आम्ही कागदाच्या घड्या कोंबायचो. बायकोनं जुन्या दुपट्ट्याच्या गुंडाळ्या शिवून खालच्या पट्टीवर ठेवल्या होत्या, त्या सकाळी पिळाव्या लागायच्या, कारण काचेवरून रात्रभर पाणी ओघळायचं. कोपऱ्यात काळी बुरशी. ती पुसली की आठवड्यात परत. आणि त्या बुरशीखाली आईचा पलंग, आणि पलंगावर आईचा खोकला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या होत्या की औषध मी देईन, पण खोली कोरडी आणि उबदार करा, नाहीतर पुढचा हिवाळा त्यांना जड जाईल. जड जाईल. डॉक्टर लोक मरणाला काय काय नावं देतात.

म्हणून खिडकी. सगळ्या घराच्या नाही जमल्या, एकच, आईच्या खोलीची. तीच एक रस्त्यावर उघडते, बाकी घर मागच्या बोळाकडे तोंड करून बसलंय. काम चालू असताना आईला माझ्या बहिणीकडे ठेवलं. तिकडे आईला सर्दीनं धरलं, कानात दडे बसले, आणि ती परत आली तेव्हा खोली तयार होती. मी त्या खिडकीच्या प्रेमात पडलो होतो, आणि हे मी हसू आणायला लिहीत नाही. दोन काचा, आणि दोन्हींच्या मध्ये कोंडलेली कोरडी हवा. बस. जड काही नाही, भारी काही नाही, हवाच हवेला अडवते. बाहेरची काच बर्फासारखी आणि आतली काच हातासारखी, आणि मध्ये बोटभर जागा. चौकटीला चारी बाजूंनी रबर. मूठ फिरवली की झडपेच्या कडेनं ठिकठिकाणी खिट्ट्या एकदम चौकटीत शिरतात आणि झडप रबराला अशी घट्ट बिलगते की तुम्हाला फक्त एक दबका आवाज येतो, पुस्तक मिटल्यासारखा. खाली चौकटीला बारीक भोकं, पाऊस आत शिरलाच तर त्यातून बाहेर जाणार, पण वारा त्या वाटेनं आत येऊ शकणार नाही. कुणीतरी, कुठंतरी, बसून हे सगळं सोडवलंय. भिंत काय, कुणीही बांधतो. भिंतीला एवढं मोठं भगदाड पाडायचं, त्यातून उजेड आत घ्यायचा आणि थंडीला मात्र ते भगदाड कळूच द्यायचं नाही, याला अक्कल लागते. पहिल्या संध्याकाळी मी मेणबत्ती पेटवून चौकटीच्या चारी कडांवरून फिरवली. ज्योत हलली नाही. बायको दारात उभी होती. "आता ओवाळून झालं असेल तर जेवायला या," म्हणाली. सकाळी काच कोरडी. बुरशी परत आली नाही. खोकला आधी सुटला, मग कमी झाला, मग एक दिवस लक्षात आलं की तो नाहीच. यापेक्षा मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि ते माझ्याही नाही, खिडकीच्या हातून झालं.

मुठीला एक कुलूपही होतं. छोटी किल्ली. बसवणारा म्हणाला होता, घरात मूल असेल तर लावून ठेवा. बहीण फोनवर म्हणाली, "मूल नसलं म्हणून काय, आईला दिसत नाही, दुसरा मजला आहे, उघडी राहिली आणि वाकली तर?" मला ते पटलं. मी कुलूप लावलं आणि किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. आईला सांगितलं, नवी खिडकी बसवलीय, आता थंडी यायची नाही. ती म्हणाली, "बरं केलंस." हात फिरवून पाहिला तिनं, काचेवरून, रबरावरून. "गुळगुळीत आहे," म्हणाली. मी तिला उबेबद्दल किती बोललो. आवाजाबद्दल एक शब्द नाही. का बोलावं? आमच्या कामात आवाजाचा हिशेबच नसतो. आत पंखे घोंघावतात, बाहेर ट्रक, मध्ये दार. गरम इकडे, थंड तिकडे. मला जगात दोनच गोष्टी आत-बाहेर करताना दिसतात.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या, या गावाची दोरी त्या गावात खुपसायची. नुसत्या "हॅलो"वरून ती माणूस ओळखायची, आणि नुसतं माणूस नाही, तो आज जेवलाय का, बायकोशी भांडून आलाय का. लहानपणी आम्हा भावंडांना घरात खोटं बोलता यायचं नाही. चेहरा लपवता येतो, आवाज कुठं लपवणार? तिची नजर मात्र गेली, सावकाश, लांबून जवळ अशी. आधी समोरच्या इमारतीवरच्या पाट्या गेल्या. मग बसचे नंबर. मग रस्ता. मग खिडकीची चौकट, मग ताटातला पदार्थ, आणि सगळ्यात शेवटी आमचे चेहरे. तिनं कधी रड काढली नाही. एक दिवस फक्त म्हणाली, "आता तू धूसर झालास हं," जणू मीच काहीतरी केलं होतं. आणि मग ती खिडकीशी बसायला लागली. लोकांना वाटायचं, काय बघते बिचारी. ती बघत नव्हती, ऐकत होती. तो रस्ता म्हणजे तिचा फळा होता. पलीकडची शाळा सुटली, औषधाच्या दुकानाचं शटर निम्म्यात अडकलं, वरच्या मजल्यावरचा वकील आज पुन्हा पायांत अडखळत आला. संध्याकाळी मी चहा पीत असताना ती मला रस्ता वाचून दाखवायची. मला दोन डोळे असून त्या रस्त्यावर टायरवाल्याखेरीज काही दिसलेलं नाही.

तर त्या दुपारी मी जिना चढलो तो छाती फुगवून. बायकोला म्हटलं, "खालून बोंबललो, आतमध्ये गंध नाही. चोख आहे माल."

"म्हणून चहा नाही टाकला होय," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरल्या."

"कोण?"

"सासूबाई. हल्ली विसरतात. तुम्ही आलात की त्यांनाच आधी कळायचं, आता मी दार उघडल्यावर कळतं."

मी तरीही हसत होतो. माणसाची बुद्धी कधीकधी दुहेरी काचेची असते, बाहेरून कितीही हाका मारा. मी आईच्या खोलीत डोकावलो. खोली अशी उबदार की मला कोट काढावा लागला. संध्याकाळ व्हायला आली तशी बायको आत आली, आईसमोर स्टुलावर बसली, आईचा तळहात आपल्या मांडीवर उलगडला आणि बोटानं त्यावर काहीतरी काढायला लागली. आई डोळे मिटून, जरी डोळ्यांचा काही संबंध नव्हता तरी, ओठ हलवत होती. "भ," म्हणाली. "भात. नाही. भाजी. भाजी जळली." दोघी हसल्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

"खेळ," आई म्हणाली.

"रोज असतो," बायको म्हणाली. "त्यांना आता जोडाक्षरंही येतात. काल मी तुमच्या बॉसचं नाव लिहिलं तर त्यांनी बरोबर ओळखलं आणि हात धुऊन आल्या."

मला तो खेळ फार आवडला. मी म्हटलं ना, मी त्या दिवसांत सगळ्यावर खूश होतो. घर कोरडं, आई ठणठणीत, सासू-सून हातात हात घेऊन बसलेल्या. असा माणूस मूर्ख असतो, पण त्याला कोण सांगणार. सांगितलं बहिणीनं. फोन आला तोच चढ्या आवाजात. "तू आईला काही बोललास का रे?"

"काय बोलणार?"

"मग ती असं का विचारते मला? काल म्हणाली, तू चौकशी करून ठेव, ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशांना ठेवतात ती जागा कुठं आहे. म्हणाली, आताच नको, अजून वेळ आहे, पण नाव-पत्ता असू दे. तुझ्या बायकोचं काही आहे का? की तुझंच? खरं सांग. खिडकी बसवलीस म्हणजे काय उपकार केलेस?"

माझं डोकं सटकलं. बहिणीला काय बोललो ते इथं लिहीत नाही. फोन आपटला आणि आईच्या खोलीत गेलो. मला राग आला की आवाज छपरापर्यंत जातो. हा वारसा बापाचा. म्हटलं, "कुठल्या जागेची चौकशी करतेयस तू? कोण तुला बाहेर काढतंय? खायला कमी पडतं? काय कमी आहे या घरात?"

"ओरडू नकोस," आई शांतपणे म्हणाली. "जवळचं अजून येतं ऐकायला."

काही वाक्यं अशी असतात की ती कानावर पडतात आणि पोहोचायला वेळ घेतात. "अजून म्हणजे?"

तिनं मला बसायला सांगितलं. तिनं ते असं सांगितलं, जसा एखादा कामगार पाळी सोपवताना मशीनची अवस्था सांगतो. ताईकडे सर्दी झाली तेव्हा कान बसले. सर्दी गेली, कान उघडले असं वाटलं, पण घरी आल्यावर रस्ता परत आला नाही. आधी वाटलं, सुट्टी असेल. मग वाटलं, बस बंद झाल्या असतील. पण जगातली सगळी माणसं एकदम गप्प होत नाहीत. "एक्स्चेंजमध्ये पहिला धडा तोच असतो," ती म्हणाली. "लाइन मेली की आधी स्वतःचं यंत्र तपासायचं. समोरच्यावर संशय शेवटी घ्यायचा. नव्या पोरी आल्या की ओरडत सुटायच्या, लाइन गेली, लाइन गेली, आणि निघायचं काय तर ह्यांचीच पिन सैल. मी तसली कधी नव्हते. मग मी माझं यंत्र तपासलं. डोळेही असेच गेले होते, आधी लांबचं. म्हटलं, ठीक आहे, रस्ता माहितीये. आता रस्ता गेला, मग जिना जाईल, मग स्वयंपाकघर, मग तुम्ही. तोपर्यंत हाताला शिकवून ठेवावं. एकदा सगळंच गेलं की कोण शिकवणार, आणि कसं? सुनेला खरं सांगितलं असतं तर तिनं रडत रडत लिहिलं असतं. खेळ म्हटल्यावर कशी मोकळी लिहिते. आणि जागेचं म्हणशील तर, तोंडानं बोलायचं आणि उत्तर हातावर वाचायचं, हे तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांत कितपत जमेल? मला कुणावर लादून घ्यायचं नाहीये. तिथं असली दहा माणसं असतील. त्यांचे हात तयार असतील."

मी त्या खोलीत उभा होतो, माझ्या उबदार, कोरड्या, चोख खोलीत, आणि बाहेर समोर बस थांबली होती, दारं उघडली होती, माणसं उतरत होती, तोंडं हलत होती, आणि कशाचाही आवाज नव्हता. मी गेले कितीतरी दिवस त्या शांततेत येऊन उभा राहायचो आणि कौतुक करायचो. आणि ती तिच्यात बसून हिशेब लावत होती की आधी काय जाईल आणि नंतर काय. तिच्या पायाखालची एक एक फरशी निघत होती आणि तिनं पुढची कुठं टाकायची हे शोधून ठेवलं होतं. एकटीनं. चहा पीत पीत. मला वाटलं, मी हिच्यासाठी काच बसवली, रबर बसवलं, पण आतल्या माणसाला थंडी लागू नये म्हणून जे लागतं ते हिच्याजवळ आधीपासून होतं, आणि ते कुठल्या कारखान्यात मिळत नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "काय झालं?" मी किल्ली घेतली. परत येऊन कुलूप काढलं.

मूठ फिरवली आणि झडप आत ओढली. रस्ता असा आत आला की मीच मागे सरलो. बसचा ब्रेक, हवेचा पंप, कुत्रं, कुणीतरी फोनवर "मी तुला शंभरदा सांगितलं" असं ओरडणारी बाई, दूरवर एक हातोडा. आणि थंडी. आईनं दोन्ही हात कानांवर नेले. दाबले नाहीत, नुसते ठेवले, जसं आपण कुणाच्या गालावर ठेवतो. मी बघत होतो, बायको दारात येऊन बघत होती. मग आई म्हणाली, "टायरवाल्यानं नवीन पंप घेतला."

"हो," मी म्हणालो. "काच दुहेरी आहे. आवाज येत नाही तिच्यातून. मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "मी उघडायला गेले होते पहिल्याच दिवशी. मूठ हलली नाही. म्हटलं, नवीन आहे, मला जमत नसेल."

"कुलूप होतं."

"कुलूप?" आता तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "माझ्या खोलीला?"

"तुझ्या काळजीपोटी. तू पडली-बिडलीस तर."

"काळजी कर ना. कुलपं कशाला घालतोस? वांगी-बटाटे आहे का मी तुझ्या गोदामातली? आण ती किल्ली इकडे." मी दिली. तिनं ती चाचपली, दाते मोजले आणि ब्लाउजमध्ये टाकून दिली. विषय संपला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती, की रडत होती, ती दोन्ही एकाच तोंडानं करते. मी म्हटलं, "ताईला फोन करून सांगतो, जागाबिगा काही बघू नकोस."

"मी सांगेन माझं मी."

मग ती उठली. हातानं चौकट शोधली, झडपेची कड शोधली, मूठ शोधली. मी पुढे झालो तर कोपरानं बाजूला सारलं. तिनं खिडकी लावली. तोच दबका आवाज, आणि रस्ता नाहीसा झाला. पुन्हा उघडली, रस्ता आला. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावून तिनं हात मुठीवरच ठेवला आणि त्या शांततेला कान दिला. आता ती शांतता तिची होती, तिनं लावलेली, तिला हवी तेव्हा उघडणारी, आणि तिचा चेहरा असा सैल झाला जसा मी तो तिच्या नोकरीच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

"काय छान बंद होते रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं या मेल्या रस्त्यानं मला एक दुपार धड झोपू दिलं नाही."

"मग राहू दे बंद?"

"राहू दे. थंडी येते." ती खुर्चीत बसली, पाय वर घेतले आणि तळहात सुनेच्या दिशेनं पुढं केला. "चल. कालचं राहिलंय."

"आता कशाला?" बायको म्हणाली. "येतंय ना ऐकू."

"आज येतंय. आणि अर्धं शिकून सोडायचं होय?"

बायको स्टूल ओढून बसली. थोडा विचार केला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि आईच्या तळहातावर लिहायला लागली. बरंच लांब होतं ते. आई एक एक अक्षर जुळवत गेली, ओठांतल्या ओठांत, आणि शेवटच्या शब्दाला तिचे खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली की मी खोकल्याच्या भीतीनं पाण्याचा पेला उचलला. खोकला आला नाही.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

दोघींपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.